गेल्या उन्हाळ्याचे घड

सगळी बाग तिला काकू म्हणायची, तेव्हा आपणही काकूच म्हणू. नाव होतं तिला, पण नावाने हाक मारणारा एकच माणूस होता आणि तो गेला. त्याच्यानंतर जे झालं तेच सांगायचंय.

काकू दूर थंड मुलखातल्या एका द्राक्षाच्या बागेत बांधणी करायची. बांधणी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. थंडीत पानं गळली की वेलीवर नुसत्या काड्या उरतात, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारख्या कुठेही गेलेल्या. छाटणारा पुढे चालतो. तो प्रत्येक वेलीवर दोन चांगल्या काड्या राखतो आणि बाकीच्या साफ उडवतो. बांधणारीण मागून येते, कापलेला पसारा तारांतून ओढून काढते आणि राखलेल्या काड्या वाकवून तारेला बांधते. वाकवताना काडी मोडली तर वर्षाचं पीक गेलं, म्हणून काम दिसतं तेवढं सोपं नाही. हे काम बागेत जोडीनेच द्यायचे. कात्री एकाकडे, सुतळी दुसऱ्याकडे. बहुतेक जोड्या नवरा-बायकोच्या असत आणि एकदा मिळालेल्या ओळी त्या जोडीच्याच राहत. संसार मोडला तर बघता येईल पण ओळी सुटता कामा नयेत, असं तिथले लोक थट्टेने म्हणायचे. थट्टेत बरंच खरं होतं.

काकूचा नवरा छाटणीतला वस्ताद. त्याच्या ओळींतल्या वेली लग्नाच्या सुमारास त्यानेच लावलेल्या, मुलगी रांगायला लागली तेव्हा त्यांना पहिलं फळ धरलं. पण छाटताना त्याला ना माया ना दया. चांगली पेन्सिलीएवढी जाड, तजेलदार काडी, आणि हा खचकन कापून पायाशी टाकणार. काकूचा जीव हळहळायचा.

"कसाई आहात नुसते," ती मागून म्हणायची.

"कसाई नाही, वाढपी आहे मी," तो म्हणायचा. "ताटात मावेल तेवढंच वाढतो. तू असतीस तर वेलीला अपचन झालं असतं."

असं त्यांचं चालायचं, वर्षानुवर्षं, तीच थट्टा, तेच उत्तर. नवरा-बायकोच्या बोलण्यात नवीन काय असतं? पण एका गोष्टीसाठी तो थांबायचा. ऐन उन्हाळ्यात, वेलींवर त्या वर्षीचे घड हिरवे बारीक लटकत असताना, तो काडीच्या बुडाजवळची पानं एकेक करून खुडायचा, म्हणजे तिथल्या डोळ्यांवर ऊन पडावं. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब, पुढच्या वर्षी ज्यातून पालवी फुटते तो. मग काकूला बोलवायचा. "हे बघ. पुढच्या वर्षीचा घड आत्ता इथे बसतोय. आपल्याला दिसत नाही एवढंच. यंदा ऊन मिळालं तर पुढच्या वर्षी घड, नाही मिळालं तर नुसती पानं." आणि हे काही त्याच्या मनाचं नव्हतं बरं का, द्राक्षाचं असंच असतं. या वर्षी जे फळ तोडता ते गेल्या उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं. काकू म्हणायची, "हो का, मग मला आत्ताच दाखवा." तो म्हणायचा, "थांब की वर्षभर. कुठे जायचंय तुला?"

त्या वर्षी तोडणी झाली, क्रेट गेले, पानं पिवळी पडायला लागली. एका संध्याकाळी तो घरी आला, दाराशी स्टुलावर बसून एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी सोडता सोडता पुढे झुकला आणि तसाच राहिला. काकू आतून विचारत होती, भाकरी आत्ता टाकू की मागाहून. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला बाहेर आली.

दिवस-कार्य आटोपलं. मुलगी आली होती, शहरात औषधांच्या दुकानात नोकरी करायची ती. आठवडाभर राहिली, बाबांचे कपडे घड्या करून ट्रंकेत ठेवले आणि म्हणाली, "आई, चल माझ्याकडे." काकू म्हणाली, "ओळी कोण बघणार?" मुलीला वाटलं, दुःखात बोलतेय. पण काकू अगदी शुद्धीवर होती. घरात दोनच खोल्या, आणि दोन्हींत तो होता. ठिगळ लावलेलं त्याचं जाकीट खुंटीवर, कात्रीला लावायच्या तेलाचा वास कपाटाला, आणि गादीला त्याच्या बाजूने पडलेला खळगा. काकू रात्री त्या खळग्याला धक्का लागू न देता कडेला झोपायची. वेडेपणा म्हणा हवं तर.

मुकादम भला माणूस, नवऱ्याचा जुना दोस्त. तोच एकदा घरी आला आणि चहाच्या कपात बघत म्हणाला, "वहिनी, जोडी फुटली की ओळी दुसऱ्या जोडीला जातात, तुम्हाला माहीतच आहे. निवडीच्या शेडमध्ये जागा आहे. बसून काम, ऊन नाही, वारा नाही."

"भाऊजी, छाटणी मी करते," काकू म्हणाली. "बांधणीही मीच करते. एक वर्ष द्या."

"तुम्ही कधी कात्री धरली नाही."

"जन्मभर मागे चालले त्यांच्या. डोळे काही मिटलेले नव्हते."

मुकादमाला नाही म्हणवेना. एक वर्ष, असं ठरलं.

मग थंडी पडली. धुकं उतरलेली सकाळ, तारांवर दंव, बोटं आखडलेली. काकू नवऱ्याची कात्री घेऊन पहिल्या वेलीसमोर उभी राहिली. दोन काड्या निवडल्या, त्याने निवडल्या असत्या त्याच. आता बाकीच्या कापायच्या. एक कापली. ती पायाशी पडली, आणि काकूची नजर तिच्यावरच्या डोळ्यांवर गेली. एकाखाली एक, फुगलेले, तपकिरी. यांच्यावर ऊन पडावं म्हणून त्याने पानं खुडली होती, गेल्या उन्हाळ्यात, घाम पुसत. प्रत्येक डोळ्यात घड बसलेला, आणि तो बसला तेव्हा तो माणूस जिवंत होता. त्याने केलेलं जगात आता दुसरं काय शिल्लक होतं? जाकिटाला ठिगळही काकूनेच लावलेलं.

तिच्याने पुढची काडी कापवेना.

तुम्ही म्हणाल, एवढी जाणती बाई, एवढं कळू नये? कळत होतं हो. कळत होतं म्हणूनच तर अडलं. दुसऱ्या कुणाला काडी म्हणजे काडी, सरपण. हिला त्यात काय आहे ते ठाऊक होतं. तिने वाळक्या, मोडक्या, रोगट काड्या तेवढ्या काढल्या. चांगली म्हणून दिसली ती प्रत्येक काडी राखली, चार चार, पाच पाच, आणि बांधणी तिच्या हातची असल्यामुळे सगळ्या तारेवर अशा बेमालूम बसवल्या की रस्त्यावरून बघणाऱ्याला ओळी नेटक्याच दिसाव्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मनात एकच धरलं होतं तिने: त्याचे हे शेवटचे घड पिकले पाहिजेत आणि आपल्या हाताने तोडले पाहिजेत. त्यानंतर ओळी जावोत, शेडमध्ये बसू, काय वाटेल ते होवो.

मुकादम एकदा आला, ओळीतून चालला, थांबला. "वहिनी, गर्दी झालीय थोडी."

"थंडीने काही मरतील," काकू म्हणाली. "म्हणून हातच्या राखल्यात."

हे अगदीच खोटं नव्हतं, थंडीच्या भीतीने एखादी काडी जास्त ठेवणारे असतात. मुकादमाने मान डोलावली. त्याला दिसलं होतं, पण नुकत्याच विधवा झालेल्या बाईसमोर उभं राहून काड्या कुणी मोजायच्या? तो सरळ बोलला असता तर बरं झालं असतं. भिडस्त माणसं अशी वेळेला उपयोगी पडत नाहीत, हे माझं जुनं मत आहे.

थंडी ओसरली. डोळे फुगले, त्यांच्यावरची लव दिसायला लागली, आणि एका उबदार आठवड्यात सगळी बाग फुटली. इतर ओळींत पालवी मोजकी, अंतराअंतराने. काकूच्या ओळी म्हणजे हिरवीगार भिंत. काकू सकाळी जाऊन नुसती उभी राहायची. प्रत्येक फुटीच्या बुडाशी बारीक, मोहरीसारखे दाणे असलेले घड दिसत होते, एका फुटीला दोन, कुठे तीनसुद्धा. तो म्हणाला होता ते खरं होतं. बसवले होते त्याने, एकूण एक.

शेजारच्या ओळीतली बांधणारीण मोठी बडबडी बाई. ती तारेवर हात टेकून म्हणाली, "काकू, काकांना मागे टाकलंत की हो. आमचे हे बघा, मारे वस्ताद म्हणवतात आणि ओळ बघा कशी टकली."

काकूला हसू आलं, त्या वर्षातलं पहिलं. घरी जाऊन तिने जाकिटाला सांगितलं, "ऐकलंत? अपचन म्हणे." आणि मग जाकिटाशी बोलतोय आपण हे ध्यानात येऊन लाजली.

फुलोरा आला. द्राक्षाचं फूल दिसायला काहीच नाही, पण त्याचा गोडसर वास संध्याकाळी खोलीपर्यंत यायचा. मणी धरले, वाटाण्याएवढे झाले. आता मात्र मुकादम आला तो सरळ आला.

"वहिनी, निम्मे पाडा. आजच्या आज. निम्म्याहून जास्तच पाडा. एवढं फळ वेल पोसणार नाही."

"बघते, भाऊजी."

"बघू नका, पाडा. आत्ता पाडलेत तर बाकीचे मस्त पिकतील. त्याने हेच केलं असतं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. काकू चवताळली. "यांनी काय केलं असतं ते मला सांगू नका. यांनी केलंय ते माझ्या डोळ्यांसमोर लटकतंय."

मुकादमाने मुलीला फोन केला. मुलगी सुट्टीच्या दिवशी आली, ओळी बघितल्या आणि बाबांच्या हाताखाली उन्हाळे काढलेली पोर ती, तिला बघताक्षणी कळलं. तशीच घरी आली.

"आई, हे काय करून ठेवलंस? अति तिथे माती, तूच म्हणायचीस ना मला?"

"तुला काय कळतंय? तू गोळ्या विक."

"बाबा या घडांत नाहीत, आई."

स्टोव्हवरचं दूध उतू गेलं, ते काकू पुसत बसली, पुसून झालं तरी पुसत बसली. मुलगी मागून आली, तिच्या खांद्याला धरून म्हणाली, "मी पाडते उद्या सकाळी. तू येऊ नकोस तिकडे."

"हात लावलास तर बघ," काकू म्हणाली, आणि असं म्हणाली की मुलगी मागे सरकली. सकाळी मुलगी खरोखरच कात्री शोधायला लागली तर कात्री जागेवर नव्हती. काकूने ती उशीखाली घेतली होती. मुलगी दारात बसून रडली. "माझेही बाबा गेलेत ना," म्हणाली. काकू उठली नाही. दुपारच्या गाडीने मुलगी गेली. दोघींचं दुःख एकच, आणि तेवढ्या दिवसांत एकीने दुसरीला जवळ घेतलं नाही. कसं असतं बघा माणसाचं.

उन्हाळा उतरणीला लागला. इतरांच्या घडांत पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडले, आरपार दिसायला लागले आणि हळूहळू काळे झाले. शेजारणीच्या ओळीत तर सगळीकडे काळंभोर, पाखरांची ये-जा. काकूच्या ओळीत हिरवं. टणक, काचेच्या गोट्यांसारखं. काकू रोज संध्याकाळी जाऊन मणी चिमटीत दाबून बघायची. "उशिरा येतील," स्वतःलाच म्हणायची. "यांचंही सगळं उशिराच असायचं." मग पानं पिवळी पडायला लागली, अजून वेळ असताना. वेल आपलं पान खाऊन फळ पोसायला बघत होती, आणि फळ तर काही पोसलं जात नव्हतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

शेजारीण आता तारेजवळ येईनाशी झाली. थट्टा करणारं माणूस गप्प झालं की समजावं.

तोडणीच्या तोंडावर मुकादम आला आणि या वेळी ओळीत खाली मातीत बसला. काकूला म्हणाला, "बसा." ती बसली. त्याने तिच्या हातात यंदा वाढलेली एक काडी दिली, वेलीवरच, न तोडता. "रंग काय आहे?"

"हिरवी आहे."

"या दिवसांत कशी हवी?"

या दिवसांत काडी तपकिरी हवी, लाकडासारखी कडक हवी. हिरवी काडी थंडीत टिकत नाही, आणि खोडात साठा नसला तर खोडही टिकत नाही. हे तिला मुकादमाने सांगायची गरज नव्हती.

"फळ आता पिकत नाही, वहिनी. देवाने ठरवलं तरी नाही. पण ते लटकत राहिलं तर वेलीत जे काही उरलंय तेही ओढून घेणार. मग थंडीत वेली जातील. सगळ्या नाही, पण बऱ्याच जातील." मुकादमाने खोडावर हात ठेवला. "त्याने लावलेल्या आहेत. खड्डे खणताना मी होतो सोबत."

काकूने काडी हळूच सोडली. मग म्हणाली, "सगळे पाडायचे?"

"सगळे."

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बागेत तोडणी सुरू झाली. माणसं, क्रेट, ट्रॅक्टर, हाकाट्या. त्याच दिवशी काकूने आपल्या ओळीत पहिला घड कापला आणि खाली टाकला. क्रेट नव्हता, कशाला हवा? घड मातीत पडत गेले, धप्, धप्, आणि ती पुढे सरकत गेली. मुकादमाने दोन बायका मदतीला पाठवल्या, काकूने परत पाठवल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी आली. कुणी कळवलं कोण जाणे. ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून कापायला लागली. या वेळी काकूने अडवलं नाही.

संध्याकाळी दोघी मध्यावर भेटल्या. पायाखाली हिरवे घड, चिलटं घोंगावतायत. मुलीने आईचा हात धरला, तो काळा पडलेला, चिकट होता.

"निम्मे पाडले असते," काकू म्हणाली, "तर निम्मे पिकले असते. तुला एक घड देता आला असता, बाबांच्या हातचा." आणि मग ती रडली. नवरा गेल्यापासून साठलेलं सगळं बाहेर पडलं, ओरडून, छाती पिटून नाही, पण थांबतच नव्हतं. मुलीने तिला मातीतच कुशीत घेतलं.

वेली वाचल्या. थोड्या गेल्या, खालच्या अंगाच्या, पण बाकी वाचल्या. ओळी मात्र काकूकडून कुणी मागितल्या नाहीत. पुढच्या वर्षी ज्यांना फळ धरणार नाही हे सगळ्या बागेला ठाऊक, अशा ओळी कोण मागणार? त्या पिवळ्या, भुकेल्या उन्हाळ्यात डोळ्यांत घड बसलेच नव्हते. मुकादम म्हणाला, "तुम्हीच सांभाळा, वहिनी," आणि काकूने हो म्हटलं.

थंडीत ती पुन्हा कात्री घेऊन उभी राहिली. वेलीवर बारीक, अशक्त काड्या. त्यांतल्या दोन निवडल्या, आखूड केल्या, बाकीच्या उडवल्या. पुढची वेल. पुढची वेल. हात कुठे अडखळला नाही. दुपारपर्यंत एवढं काम झालं की शेजारच्या ओळीतला वस्ताद, बडबड्या बाईचा नवरा, उभा राहून बघायला लागला. मुकादमही आला. त्याने ओळीतून चालत एकेक काप निरखला. तिरपा, स्वच्छ, जिथे हवा तिथे.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच आनंदाचा होता, "जमली की तुम्हाला छाटणी. अगदी त्याच्यासारखी."

काकूने पुढची काडी कापली.

"जमणारच," ती म्हणाली. "आता या काड्यांत त्यांचं काही नाही."